‘तिसरी प्रत’चा बदललेला शेवट

मालिका लिहिते असं सांगितलं की समोरचा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, “पुढे काय होणार ते सांगा ना.” दुसरा, “एवढं का हो ताणता?” दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच असतं: ते मी ठरवत नाही. ते चॅनल ठरवतं. चॅनलकडून आठवड्याची गोष्ट चार ओळींत येते, तिला आम्ही ‘वनलाइन’ म्हणतो. त्या चार ओळींचे पाच भाग करायचे, प्रत्येकाला बोलायला काहीतरी द्यायचं आणि शुक्रवारी कुणाला तरी दारात उभं करायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं मी ते केलं. त्यात सासवा आल्या, जावा आल्या, एकदा तर स्मृती गेलेले दोन सख्खे भाऊ आले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

एका मालिकेबद्दल मात्र सांगायचं आहे. तिचा शेवट बदलला आणि तो बदलण्यात माझा हात होता.

चॅनलला एक हेरकथा हवी होती, बावन्न भागांची, संध्याकाळी सातला. त्यासाठी त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वीची ‘तिसरी प्रत’ नावाची मराठी कादंबरी निवडली. लेखक दिनकर टेंबे, राहणार सहकारनगर, वय एक्याऐंशी. मुंबईहून तीन जण त्यांना भेटून आले आणि तिघांनीही पुन्हा जायला नकार दिला. मी पुण्यातली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

टेंबे एका सरकारी संशोधन कार्यालयात आयुष्यभर कारकून होते. जन्मात ही एकच कादंबरी लिहिली. मला खुर्ची दाखवून म्हणाले, “तुमच्या आधीच्यांनी विचारलं, नायकाकडे पिस्तूल का नाही. मी म्हटलं, आमच्याकडे स्टेपलर मिळायलाही अर्ज करावा लागायचा.”

“मी पिस्तूल घालणार नाही,” मी म्हटलं.

“घालाल. पण आज नाही म्हणालात, तेवढं चांगलं वाटलं.”

कादंबरी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुण्यातल्या एका संरक्षण कार्यालयात गुप्त अहवाल टाइप होतात. कार्बन पेपर घालून एकाच वेळी तीन प्रती निघतात. पहिली साहेबांकडे, दुसरी फाइलला. तिसरी प्रत ताडून बघण्यासाठी असते, मग ती जाळायची. यातलीच एक तिसरी प्रत परदेशी माणसाच्या हातात सापडते. कार्यालयातला शिधये नावाचा कारकून गुपचूप शोध घेऊ लागतो आणि तीनशे पानांनंतर त्याला कळतं, की ती प्रत विकणारा आपला रोज डबा खाणारा मित्र आठल्येच आहे. शेवटच्या दिवशी दोघे नेहमीसारखा डबा खातात. शिधये त्याला आपल्यातली अर्धी पोळी देतो, हात धुतो आणि जाऊन फोन करतो. पुस्तक तिथे संपतं.

हक्कांच्या कागदावर सही करताना टेंबे म्हणाले, “बाकी काय वाटेल ते करा. डब्याचा प्रसंग हलवायचा नाही.” मी हो म्हटलं.

कादंबरी पडद्यावर आणताना मुख्य अडचण अशी, की पुस्तकात माणूस विचार करतो आणि कॅमेऱ्याला विचार दिसत नाही. टेंब्यांचा शिधये शंभर पानं नुसता संशय घेत बसतो. मी त्याला टोपलीतले वापरलेले कार्बन पेपर उजेडासमोर धरून मोजायला लावलं, म्हणजे बघणाऱ्याला न सांगता कळेल की हा कुणाच्या तरी मागावर आहे. आठल्येच्या बाबतीत काम सोपं होतं. त्याच्या लकबी पुस्तकातच होत्या. तो सगळ्यांच्या पेन्सिली अर्ध्या ब्लेडने तासून द्यायचा. डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवायचा. कशावरही “चालायचंच” म्हणायचा. पुस्तकात तो हा शब्द चार-पाचदा म्हणतो. मी प्रत्येक भागात दोनदा तरी घातला. मालिकेत माणूस लक्षात राहायला अशी एखादी खूण लागते आणि ती वाढवावी लागते, हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान. दहाव्या भागानंतर स्वारगेटला एक कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी भांडणाऱ्या प्रवाशाला “चालायचंच” म्हणाला आणि अर्धी बस हसली. मी त्या बसमध्ये होते. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

बत्तिसावा भाग दाखवला गेला त्या आठवड्यात निर्मात्याच्या कार्यालयातून मला एका बाईंचा निरोप आला. त्यांना लेखिकेलाच भेटायचं होतं. असे निरोप येतात. कुणाची स्वतःची गोष्ट असते, कुणाच्या मुलीला अभिनय करायचा असतो. मी त्यांना स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात बोलावलं.

बाईंचं नाव मेधा. वय सत्तावन्न, खराडीतल्या एका कंपनीत कर्मचारी विभागात नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. नीटनेटक्या, शांत. चहा आल्यावर म्हणाल्या, “तुमचा आठल्ये म्हणजे माझे वडील आहेत.”

मला वाटलं, चेहरा मिळताजुळता असेल. तसं मी म्हटलंही.

“चेहरा अजिबात नाही. ते बुटके होते. पण पेन्सिली, कागदाच्या घड्या, ते चालायचंच, हे सगळं त्यांचं. टेंबे आणि बाबा शेजारच्या टेबलांवर बसायचे. गजानन वर्तक. टेंब्यांना विचारा.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या चार वर्षांच्या असताना कार्यालयातून एक कागद बाहेर गेला. चौकशी झाली. वर्तक आठ महिने निलंबित होते. काहीच सिद्ध झालं नाही, त्यांना परत घेतलं, पण बदली लांब केली. निर्दोष असल्याचं पत्र कधी मिळालं नाही. नातेवाईक यायचे कमी झाले. दहा-बारा वर्षांनी कादंबरी आली, तेव्हा कार्यालयातल्या लोकांना ती वाचून खात्रीच पटली. वर्तक वारले त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली.

“तेव्हा पुस्तक फार लोकांनी वाचलं नव्हतं,” मेधा म्हणाल्या. “आता आमची अख्खी सोसायटी सात वाजता टीव्हीसमोर असते. जुनं माहीत असलेले दोन-तीन जण तरी आहेत तिथे. मला एवढंच विचारायचंय, शेवटी तो पकडला जातो का?”

“पुस्तकात जातो.”

“बदलता येईल का?”

“तुमच्या आई आहेत?” मी विचारलं. उत्तर टाळायला विचारलं, हे कबूल करते.

“आहे. ऐंशी वर्षांची आहे. रोज बघते. एकही भाग चुकवत नाही.”

“त्यांना त्रास होत नाही?”

“म्हणते, हे रोज अर्धा तास दिसतात.”

त्या वेळी सेहेचाळीस भाग लिहून झाले होते आणि सहा राहिले होते. मी काहीच कबूल केलं नाही. बघते, म्हटलं. मेधा यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहकारनगरला गेले. टेंब्यांना सरळ विचारलं, “वर्तक कोण?”

ते बराच वेळ चष्मा पुसत होते. “कुणी सांगितलं?”

“त्यांच्या मुलीने.”

“मेधा. बाहुली हरवली म्हणून रडत ऑफिसात आली होती एकदा.” मग म्हणाले, “विचारा.”

“त्यांनी ती प्रत विकली होती का?”

“मला माहीत नाही.”

“पुस्तकात तर तुम्हाला पक्कं माहीत आहे.”

“कादंबरीला शेवट लागतो, बाई. फाइलीला लागत नाही. ती तशीच बंद झाली होती.”

“चौकशीत तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं तेच. तिसरी प्रत वर्तकांकडे असायची, असं विचारलं, मी हो म्हटलं.” पुढचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत पूर्ण केलं. “ती माझ्याकडेही असायची. ताडून बघायला दोघं लागायचे, एक वाचणार, एक बघणार. ते मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.”

मी गप्प राहिले. सव्वीस वर्षं संवाद लिहिल्याचा हा एक फायदा. समोरच्याला अजून काही सांगायचं आहे, हे कळतं.

“आणि त्या आठवड्यात एकदा मी ती घरी नेली होती,” टेंबे म्हणाले. “काम संपलं नव्हतं म्हणून. नियमाने गुन्हाच. पिशवी रात्रभर खुंटीला होती. घरात माणसं येत-जात असायची, वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू होते. सकाळी कागद पिशवीतच होता. कुणी पाहिला असेल, नसेल. मला माहीत नाही. पन्नास वर्षं माहीत नाही.”

“म्हणून तुम्ही कादंबरी लिहिलीत?”

“आठल्येने विकली असं तीनशे पानं लिहिलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. काही वर्षं वाटलंही.”

मला राग आला होता. पण तो पूर्ण त्यांच्यावर काढता येत नव्हता. टेंब्यांनी वर्तकांच्या लकबी पुस्तकात पाच वेळा घातल्या होत्या, मी शंभरेक वेळा. हा माणूस आला कुठून, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. आजवर एकाही लेखकाला विचारलं नव्हतं.

“सहा भाग राहिलेत,” मी म्हटलं. “काय करायचं ते आपल्याला ठरवता येईल असं नाही. पण विचारून बघता येईल.”

“डब्याचा प्रसंग हलवा,” ते म्हणाले.

चॅनलच्या नेहा नावाच्या मुलीशी माझी व्हिडिओवर बैठक झाली. अठ्ठावीस वर्षांची, हुशार, सदैव दुसऱ्या कुठल्या तरी बैठकीच्या काठावर बसलेली. मी सुचवलं की आठल्येवर काही सिद्ध होऊ नये. फाइल पुराव्याअभावी बंद व्हावी.

“मॅम, ऑडियन्स बावन्न एपिसोड थांबलीय. कोणीतरी पकडलं जायला पाहिजे. क्लोजर लागतो.”

“आणि तो आठल्ये नसेल तर?”

“मग कोण? साहेब? तो प्रेडिक्टेबल होईल.”

मी म्हटलं, “शिधये.”

ती पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे बघू लागली. मी तिला पिशवीची, खुंटीची गोष्ट सांगितली, ती कुणाची हे न सांगता. शिधयेनेच एकदा प्रत घरी नेली, तिथून ती फुटली, आणि ते झाकण्यासाठी त्याने चौकशीत मित्राकडे बोट जाऊ दिलं.

“हीरोच? मॅम, हा ट्विस्ट भारी आहे. हे आधी का नाही सांगितलं?”

आधी मलाच माहीत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. नेहाची एक अट होती: शिधयेला अटक झालीच पाहिजे आणि ती सगळ्या ऑफिससमोर झाली पाहिजे. नुसती चूक कबूल करून भागणार नव्हतं.

आता प्रश्न टेंब्यांचा होता. कादंबरी वाचलेल्या प्रत्येकाला शिधये म्हणजे टेंबेच हे ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच दोन-तीन मुलाखतींत मोठ्या अभिमानाने तसं सांगितलं होतं. पुस्तकात त्यांनी मित्राचं जे केलं, तेच आता मालिका त्यांचं करणार होती, आणि तेही वाढवून. मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “लिहा,” म्हणाले आणि ठेवला.

ते सहा भाग मी चार दिवसांत लिहिले. शिधयेची भूमिका करणारा नट माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याच्या मते मी त्याची पुढची तीन कामं घालवली होती. शेवटच्या भागात डबा होता, पण पोळी आठल्येने दिली. शिधये ती हातात धरून त्याला सगळं सांगतो, आणि मागे दार उघडतं. अटक चॅनलच्या आवडीप्रमाणे झाली, ढोलताशासकट म्हणावं इतक्या संगीतात. ते मला आजही बघवत नाही. पोळीचं जमलं होतं.

प्रसारणाच्या चार दिवस आधी टेंबे म्हणाले, “वर्तकांच्या घरी जायचंय. एकटा गेलो तर जिन्यावरून परत येईन.” मेधा यांना विचारलं. त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाल्या, येऊ देत.

येरवड्यात त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. सुमतीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. टेंब्यांना बघून म्हणाल्या, “या, टेंबेभावोजी. बारीक झालात.” जणू काही मागच्या महिन्यात भेटले होते.

टेंबे बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. त्यांनी बहुतेक पाठ केलं होतं, कारण मध्ये एकदा चुकले आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं. चौकशीत अर्धंच सांगितलं. प्रत माझ्याकडेही असायची. एकदा घरी नेली होती. मग पुस्तक लिहिलं, तेही खोटं. “वहिनी, त्यांनी काही केलं होतं असं मला वाटत नाही. वाटत नव्हतंच.”

मेधा उठून स्वयंपाकघरात गेल्या. सुमतीबाई शांतपणे ऐकत होत्या.

“तुम्ही प्रत घरी नेली होती ते ह्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

टेंब्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. सुमतीबाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सांगितलं. “सकाळी तुम्ही पिशवीतून कागद काढताना ह्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन मला म्हणाले.”

“मग बोलले का नाहीत?”

“मीही हेच विचारलं. आठ महिने रोज विचारलं. भांडले म्हणा ना. म्हणाले, त्याची नोकरी अजून कच्ची आहे, पुढच्या महिन्यात लग्न आहे. काढून टाकतील त्याला. माझी पक्की आहे, मला फार तर बदलतील. बदलीवर भागेल असं वाटलं त्यांना. माणसं येणं बंद होईल हे नव्हतं लक्षात आलं.”

टेंबे आता खुर्चीवर बसले. चहा झाला. निघताना सुमतीबाईंनी टेंब्यांच्या बायकोची चौकशी केली. ती सहा वर्षांपूर्वी वारली, हे त्यांना कळलं नव्हतं. “लग्नाला आम्हाला येता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “छान दिसत होती म्हणे.”

रिक्षात टेंबे एकच वाक्य बोलले. “मला वाटत होतं, मी एकट्यानेच लपवलं.”

शेवटचा भाग दाखवला गेला. टीआरपी चांगला आला. टेंब्यांच्या पर्वतीच्या फिरण्याच्या गटात दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “काय टेंबे, शेवटी तुम्हीच निघालात.” ते म्हणाले, “मालिकेत अटक झाली. इथे जामिनावर आहे.” हसले सगळे. पण जुन्या कार्यालयातल्या दोघांनी त्यांच्याकडे येणं बंद केलं, आणि त्यातल्या एकाने फोनवर त्यांना काय काय सुनावलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मालिकेने तसं दाखवलं म्हणून त्याला खात्रीच पटली होती. हे काम माझं. ज्याच्यावर काही सिद्ध झालं नाही अशा एका माणसाला मी सोडवलं आणि त्या जागी दुसरा बसवला. टेंब्यांनी संमती दिली होती, हे खरं. तरीही.

नेहाने मला लगेच दुसरी हेरकथा देऊ केली. मी नाही म्हटलं. वर्षभराने लिहिणंच थांबवलं. त्याचं कारण ही मालिका असं सांगितलं तर ते ऐकायला बरं वाटेल, पण डोळ्यांचं ऑपरेशन हेही होतंच.

टेंब्यांनी त्यानंतर एकच गोष्ट लिहिली. दीड पानांचा जबाब. पन्नास वर्षांपूर्वी न दिलेला, तारखेसकट, प्रत घरी नेल्याच्या कबुलीसकट. खाली विनंती, की कै. वर्तक यांच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नव्हतं असं त्यांच्या पत्नीस लेखी कळवावं. मी तो टाइप केला. प्रिंटरने हव्या तितक्या प्रती काढल्या. कार्यालयाचं नाव आता बदललं आहे, पत्ताही. शोधून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला.

पाच महिन्यांनी सुमतीबाईंच्या नावे उत्तर आलं. मेधा यांनी फोन करून आम्हा दोघांना बोलावलं. चार ओळी होत्या. संबंधित फाइल मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहे. उपलब्ध नोंदींनुसार श्री. ग. वा. वर्तक यांच्याविरुद्ध कोणतीही कारवाई प्रलंबित नाही. खाली कुणाची तरी न वाचता येणारी सही आणि गोल शिक्का.

टेंब्यांना ते पुरेसं वाटलं नाही. “हे निर्दोष म्हणत नाहीत, वहिनी. नुसतं प्रलंबित नाही म्हणतात. मी पुन्हा लिहितो.”

सुमतीबाईंनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. मग कपाटातून एक जुनी फाइल काढायला लावली. आत सगळ्यात वर निलंबनाचा आदेश होता, पिवळा पडलेला, कडांना फाटलेला. त्यांनी नवं पत्र त्याच्यावर ठेवलं, कडा जुळवल्या आणि मेधा यांना विचारलं, “पंचिंग मशीन आहे का गं घरात?”